खालच्या माणसाला आधी सांगायचं

घुम्याला लोक घुम्या म्हणत ते काही उगीच नव्हे. शेजारी कुठे गेलेत हे पक्कं ठाऊक असलं, तरी त्यांच्या दारात ताटकळणाऱ्या पाहुण्याला तो "कुलूप आहे" एवढंच सांगायचा. ते पाहुण्यालाही दिसत असायचं. भाजीत मीठ बरोबर आहे का असं बायकोनं विचारलं की हा मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणाली की नाही म्हणाली हे ओळखायला बिचारीला लग्नानंतर चार वर्षं लागली.

पण हाच माणूस कामावर गेला की त्याच्या आवाजानं इमारतीतले लोक दारं उघडून बाहेर यायचे. घुम्या लिफ्ट दुरुस्त करायचा. ते काम जोडीनं चालतं. एक जण गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, दुसरा अगदी तळाच्या खड्ड्यात. मध्ये चार-पाच मजल्यांची अंधारी पोकळी, आणि तिच्यात तारेच्या दोरांना लटकलेली केबिन. वरचा काय करतोय ते खालच्याला दिसत नाही, खालचा कुठे उभा आहे ते वरच्याला दिसत नाही. म्हणून घुम्याला आणि त्याच्या जोडीदाराला ज्यानं काम शिकवलं, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं एक नियम घालून दिला होता. हात लावायच्या आधी तोंडानं बोलायचं. वरच्यानं "ब्रेक सोडतोय!" म्हणून ओरडायचं, खालून "ऐकलं!" असं उत्तर यायचं, आणि मगच हात हलवायचा. 'ऐकलं' म्हणजे पटलं असं नव्हे. "ऐकलं, पण थांब," असंही खालचा म्हणू शकतो. पण तो काहीच म्हणाला नाही, तर वरच्यानं संध्याकाळपर्यंत तसंच उभं राहायचं.

मिस्त्रीच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन कुठे गेली असं कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "माझ्या जोडीदाराला वाटलं, खालच्याला माहीत असेलच. त्या 'असेलच'नं खाल्ली." त्याच्यासमोर शिवी दिलेली चालायची, 'असेलच' म्हटलेलं चालायचं नाही.

घुम्याचा जोडीदार होता रेडिओ. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते विचारायची गरजच नाही, कारण तो सकाळी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त स्टेशन बदलायचा. वडिलांचा चिक्कूपणा, सासूचं घोरणं, स्वतःचा गुडघा, देशाचं राजकारण, सगळं खड्ड्यातून वर ऐकू यायचं. एकोणीस वर्षं दोघं एका जोडीत होते. रेडिओच्या आयुष्यातली एकही गोष्ट घुम्याला ठाऊक नाही असं नव्हतं. उलट बाजूनं मात्र सगळी अळीमिळी गुपचिळी.

आणि सांगण्यासारखं घुम्याकडे नव्हतं असं थोडंच होतं? घुम्या ख्रिस्ती होता, आणि नुसता नावाचा नव्हे. दर रविवारी उपासनेच्या तासभर आधी चर्चमध्ये जाऊन तो एकशेवीस खुर्च्या मांडायचा आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसायचा. तरुणपणी त्याचं एक मूल जन्मून आठव्या दिवशी गेलं होतं. त्या वेळी ज्यानं आपल्याला धरून ठेवलं तो येशू होता, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कामावर रोज सकाळी मुख्य स्विचला हात लावायच्या आधी तो मशीनच्या खोलीत अर्धा मिनिट डोळे मिटून उभा राहायचा. खालून रेडिओ ओरडायचा, "अरे, झोपलास का?" मग घुम्या वरून सांगायचा, "तेल बघतोय!" एकोणीस वर्षं रोज. एवढं तेल तर जहाजावरही कुणी बघत नसेल.

हे असं का, तर त्याच्या काकामुळे. काका चौकात उभा राहून कर्ण्यातून येशूची सुवार्ता सांगायचा. आवाज फाटका, त्यात कर्णा जुना. लोक हसायचे, टारगट पोरं पत्रकांची विमानं करून काकाच्याच डोक्यावर उडवायची. नऊ वर्षांचा घुम्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन शेजारी उभा असायचा. एकदा त्याच्या वर्गातली मुलं तिथून गेली, आणि त्या दिवशी घुम्यानं कानाला खडा लावला. पुढे मोठा झाल्यावर त्यानं त्या लाजेला चांगले कपडे घातले. श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब, असं तो मनाशी म्हणायचा. आपण नीट वागावं, वागणंच काय ते बोलेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. काका मात्र हसणाऱ्यांनाही पत्रक देताना हसूनच द्यायचा, हे त्याला आठवायचं, आणि आठवलं की तो विषय बदलायचा. स्वतःशीसुद्धा!

तर गेल्या वर्षी रेडिओची बायको आजारी पडली. अकरा आठवडे ती दवाखान्यात होती. वागण्याच्या बाबतीत घुम्याला कुणी नाव ठेवू शकणार नाही. त्यानं रेडिओच्या पाळ्या केल्या, रोज डबा पोचवला, बाकड्यावर त्याच्या शेजारी तासन्‌तास बसला. आणि रोज सकाळी मशीनच्या खोलीत वहिनीचं नाव घेऊन तो प्रार्थना करत होता. कधीकधी रडतही होता. खाली दुसरा कुणीतरी असायचा, त्यालाही तो सांगायचा, तेल बघतोय.

नवव्या आठवड्यात एका दुपारी रेडिओ खोलीतून बाहेर आला आणि त्याच्याजवळ बसला. बराच वेळ गप्प. रेडिओ गप्प, हेच मुळात भयंकर.

मग तो म्हणाला, "घुम्या, मेल्यावर माणसाचं काय होतं रे?"

सांगायचं ते घुम्याच्या ओठांशी आलं होतं. पण दुःखात माणसाला एकटं गाठून आपला धर्म गळी उतरवतो, असं ह्याला वाटलं तर? आणि हसला तर? तो उठला आणि म्हणाला, "आत्ता असले विचार करू नकोस. चल, चहा घेऊ."

दोघांनी चहा घेतला. दोन आठवड्यांनी वहिनी गेली.

त्यानंतर सहा महिन्यांनी घुम्याच्या बायकोनं रेडिओला जेवायला बोलावलं. घुम्याची बायको एका शाळेत शिवण शिकवायची आणि सरळ टाके घालायची, सरळ बोलायची. पाहुणे आले की नवरा जेवणाआधीची प्रार्थना स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उरकून येतो, याचा तिला वर्षानुवर्षांचा राग होता. त्या दिवशीही तो तसाच तोंड पुसत बाहेर आला आणि ताटावर बसला. रेडिओ आता पूर्वीसारखा बोलत नसे. त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "वहिनी, त्या दिवसांत तुमच्या डब्यावर जगलो मी. उपकार आहेत तुमचे."

"डब्याचं काय घेऊन बसलात भाऊजी," ती म्हणाली. "आम्ही दुसरं करू तरी काय शकत होतो? हे रोज सकाळी प्रार्थना करायचे त्यांच्यासाठी. एक दिवस चुकवला नाही. अजून तुमच्यासाठी करतात."

रेडिओचा हात ताटातच थांबला. "कुठे?"

"कुठे म्हणजे? कामावर. तुमच्या त्या मशीनच्या खोलीत."

रेडिओनं घुम्याकडे बघितलं. "म्हणजे ते तेल?"

घुम्यानं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मानेचा अर्थ सगळ्यांना एकदम कळला.

रेडिओ हसला, आणि लगेच त्याचं हसू विरलं. "दवाखान्यात मी तुला एक प्रश्न विचारला होता. आठवतो?"

"आठवतो."

"तो माझा नव्हता रे. तिचा होता." रेडिओनं ताट बाजूला सरकवलं. "तीनदा विचारलं तिनं मला. मेल्यावर काय? मी काय सांगणार? आमच्याकडे देवाधर्माचं कधी कुणी बोललं नाही. मी आपलं, झोप आता, दमलीस, असं म्हणायचो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, तुम्हाला नाही माहीत, तर घुम्याभाऊजींना विचारा. त्यांचं बाळ गेलं होतं, त्यांची बायको सांगत होती, तरी तो माणूस पायाखाली फरशी असल्यासारखा उभा असतो. त्यांना काहीतरी माहीत आहे. म्हणून मी बाहेर आलो आणि तुला विचारलं. तू मला चहा पाजलास. मी आत जाऊन तिला सांगितलं, त्यालाही नाही माहीत."

घुम्याच्या बायकोनं तोंडावर पदर धरला.

"मला वाटलं..." घुम्या म्हणाला. "तुला वाटेल, मी तुझ्या दुःखाचा फायदा घेतोय."

"मग वाटू दे ना! मी नाही म्हटलं असतं. नाही म्हणायला मला तोंड आहे, चांगलं गावभर मोठं आहे. पण तू मला विचारलंच नाहीस. माझ्या वतीनं तूच नाही म्हणून टाकलंस. माझ्याही आणि तिच्याही."

"मी नीट वागायचा प्रयत्न केला. वाटायचं, वागण्यातून कळेल."

"वागण्यातून एवढंच कळलं, की घुम्या चांगला माणूस आहे. तू! कौतुक तुझं झालं, लेका. तू ते कुठून आणतोस हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?" रेडिओ उठला. दाराशी जाऊन त्यानं चपला घातल्या आणि मागे न बघता म्हणाला, "तुला वाटलं, ह्याला माहीत असेलच. किंवा विचारायचं असेल तर विचारेलच. मिस्त्री असता तर त्यानं तुला तीन बोटांनी थोबाडीत मारली असती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कामं वाटणाऱ्या बाईनं घुम्याला बोलावलं. रेडिओनं जोडी बदलून मागितली होती, सोमवारपासून. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'वरचा माणूस बोलत नाही'. बाई चक्रावून गेली होती. "तुमच्या आवाजाच्या तर तक्रारी येतात माझ्याकडे," ती म्हणाली. घुम्यानं नेहमीसारखी मान हलवली आणि तो बाहेर पडला.

तिथून शनिवारपर्यंतचे चार दिवस घुम्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. जोडी तुटण्याचं दुःख होतंच. एकोणीस वर्षं ज्याच्या 'ऐकलं'वर हात हलवला, त्याच्याशिवाय काम करायचं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवण्यासारखं. पण त्याला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. वहिनी आत पडून उत्तराची वाट बघत होती, आणि उत्तर बाहेर बाकड्यावर चहाचा कप धरून बसलं होतं. तो आजवर स्वतःला नम्र समजत आला होता. नम्र कसला, तो भित्रा होता. काकाला लोक हसले, पण काकामुळे निदान हसायला तरी काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. घुम्याची झाकली मूठ उघडायची वेळ आली, तेव्हाही ती झाकलेलीच राहिली, आणि झाकलेल्या मुठीतून कुणाला काय मिळतं? भाकरी कुठे मिळते हे पोट भरलेल्या माणसानं उपाशी माणसाला सांगितलं नाही, तर त्याला सभ्यपणा कोण म्हणेल?

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं कागद-पेन घेतलं.

"काय करताय?" बायकोनं विचारलं.

"रेडिओला चिठ्ठी लिहितो."

"अहो, उद्या दिवसभर एका इमारतीत असणार ना तुम्ही? देवानं तोंड दिलंय की तुम्हाला! आणि आधी माफी मागा. बाकीचं नंतर." एवढं बोलून तिनं पेन उचललं आणि आपल्या शिवणाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

शनिवारचं काम एका चार मजली वाचनालयात होतं. जुनी लिफ्ट, जुने दोर. रेडिओनं सकाळी "ये" म्हटलं आणि पुढे एक शब्द बोलला नाही. तो पिशवी घेऊन खाली खड्ड्यात उतरला, घुम्या जिने चढून वर गेला. मशीनच्या खोलीत त्यानं मुख्य स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सवयीनं डोळे मिटले. अर्धा मिनिट झालं, एक मिनिट झालं. आज खालून कुणी झोपलास का म्हणून विचारलं नाही.

घुम्या खाली वाकला. दोर ज्यातून खाली जातात त्या जमिनीतल्या भोकांशी त्यानं तोंड नेलं. गुडघे टेकावे लागले. खालून तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता.

"रेडिओ!" तो ओरडला. "मी बोलतोय!"

खालून काही नाही.

"स्विचला कुलूप आहे! किल्ली माझ्या खिशात आहे! मी कशालाही हात लावत नाहीये! तुला ऐकायचं नसेल तर खड्ड्यातून वर ये आणि बाहेर जा, मी काही म्हणणार नाही!"

तो थांबला. शिडीवर पाय वाजतील म्हणून कान देऊन राहिला. वाजले नाहीत.

"एकोणीस वर्षं मी तेल बघत नव्हतो!"

दुसऱ्या मजल्यावर कुणाचीतरी खुर्ची सरकली. वाचनालय होतं ते. घुम्याचे कान तापले, आणि क्षणभर तो पुन्हा नऊ वर्षांचा होऊन पत्रकांचा गठ्ठा धरून उभा राहिला. मग त्याला काकाचा फाटका आवाज आठवला, आणि तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला.

"मी चुकलो, रेडिओ! तू विचारलंस आणि मी घाबरलो. तू हसशील म्हणून घाबरलो. दुसरं काही कारण नव्हतं. मला माफ कर! आता सांगतो. मला नीट सांगता येत नाही, पण सांगतो. आमचं बाळ गेलं ना, तेव्हा मी अगदी तळाला होतो. लोक वरून सांगत होते, सावर, धीर धर. एकच जण खाली उतरला. माझा येशूवर विश्वास आहे, तो एवढ्यासाठी. देव वर उभा राहून नुसता ओरडत बसला नाही. तो स्वतः खड्ड्यात उतरला. माणसासारखा जगला, माणसासारखा मेला, त्याला पुरलंसुद्धा. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. मी हे गोष्ट म्हणून सांगत नाहीये. खरं आहे म्हणून सांगतोय. मरण आहे, पण त्याच्याही खाली तो आहे. पडणाऱ्याला तो धरतो. मला धरलं त्यानं!"

त्याचा श्वास संपला. त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"वहिनींचं काय झालं हे मला माहीत नाही. ते सांगितलं तर खोटं होईल. पण ज्याच्या हातात त्या आहेत, त्याला मी ओळखतो. तो चांगला आहे, रेडिओ. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. तुला सांगायला हवं होतं. तुला पटलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण तू खाली उभा होतास आणि मी वरून बोललो नाही. झालं. एवढंच."

चार मजल्यांची पोकळी शांत होती. दोर किंचित हलत होते. घुम्या गुडघ्यांवर तसाच राहिला. उत्तर आलं नाही तर संध्याकाळपर्यंत थांबायचं, नियमच होता तो. त्याचे पाय बधिर झाले. खाली कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता, तो त्यानं साठपर्यंत मोजला आणि सोडून दिला.

मग तळातून आवाज आला. भरलेला, ओला आवाज.

"ऐकलं."

घुम्यानं कपाळ जमिनीला टेकवलं.

मग खालून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज झाला आणि रेडिओ लागला. "घरी तिचा फोटो आहे. आज गेल्यावर सांगतो तिला. म्हणावं, विचारून आलो, त्याला माहीत होतं. तुला शिव्या देईल ती, उशीर केलास म्हणून!"

"देऊ देत!"

"मला अजून पटलंबिटलं नाहीये हां! चार गोष्टी विचारायच्या आहेत. चार नाही, पंचवीस!"

"विचार!"

"आणि त्या ऑफिसातल्या बाईला मी सांगतो, कारण चुकीचं लिहिलं होतं म्हणून. ती ओरडेल. ओरडली तर तुझ्या नावावर घालीन!"

घुम्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आवरता येईनात.

"आता ब्रेक सोड, बाबा. इथे घोटाभर पाणी आहे, पाय गारठले माझे."

घुम्या उठला. त्यानं ब्रेकच्या दांड्याला हात लावला नाही, आधी तोंड उघडलं. पण गळा इतका दाटला होता, की शब्द घशातल्या घशात राहिले.

"नाही ऐकलं!" खालून रेडिओ ओरडला. "मोठ्यानं बोल, लेका! आता कशाला लाजतोस?"